पर्याय ब

परवा धुळ्याहून भाचीचा फोन आला. ती वनसेवेच्या परीक्षेचा अभ्यास करते, म्हणजे जो कुणी विचारेल त्याला 'अभ्यास चालू आहे' असं सांगते. म्हणाली, मावशी, एक प्रश्न पाठवलाय, बघ जरा, उत्तर क दिलंय पण मला तर ब वाटतंय. मी म्हटलं, बाई, मी जन्मभर मराठी व्याकरण शिकवलं, मला काय विचारतेस? तरी उघडून बघितला. चार ओळींचा उतारा, जंगलात पडलेली अळी, तिच्यावर केलेली फवारणी आणि खाली चार पर्याय. गॅसवर भरताचं वांगं ठेवलं होतं ते तसंच राहिलं. इतकं करपलं की शेजारीण विचारायला आली, काही जळतंय का म्हणून.

झाड वेगळं होतं, अळीचं नाव वेगळं होतं, पण प्रश्न तोच होता. भदाणे सरांचा. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटं खडूने पांढरी, मान जराशी डावीकडे कललेली, असे ते फळ्यापुढे उभे राहिलेले दिसले आणि मी खुर्ची ओढून बसलेच. भाचीला मी अजून उत्तर कळवलेलं नाही.

जळगावातला आमचा क्लास म्हणजे पूर्वीचं डाळीचं गोदाम. मालक मारवाडी, डाळमिलवाल्या घरातले, सगळे त्यांना शेठ म्हणत. मिल गावाबाहेर गेली, गोदाम रिकामं पडलं, तेव्हा शेठनी त्यात बाक टाकले, फळा लावला आणि दारावर स्पर्धा परीक्षांची पाटी ठोकली. गोदामाला खिडक्या कशाला असतील? पुढे एक शटर, मागे एक दार, वर पत्रा. जळगावचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला मी काय सांगायचं, आणि ज्याने काढला नाही त्याला सांगून काय उपयोग? पंखे होते, ते गरम हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे न्यायचे. भिंतींना तूरडाळीचा वास होता तो शेवटपर्यंत गेला नाही. पोरं तिथे यायची, कुणी नोकरी लागेपर्यंत, कुणी लग्न ठरेपर्यंत, आणि मग जायची. सर मात्र तिथेच राहायचे. अक्षरशः राहायचे. गोदामाच्या माळ्यावर त्यांची खोली होती. शिडीवजा जिना उतरला की क्लास, चढला की घर.

ते मूळचे चोपड्याच्या पुढचे, सातपुडा जिथे अंगणापर्यंत येतो अशा एका लहानशा गावचे. वडील वनखात्याच्या रोपवाटिकेत मजूर होते. त्यांना घरचे आणि गाव सगळेच आबा म्हणत. सरांनी लहानपणी एकच ठरवलं होतं, वनखात्यात अधिकारी व्हायचं आणि याच जंगलात परत यायचं. त्यासाठी जळगावला आले, शेठच्याच क्लासात बसले, परीक्षा देत राहिले. दरवेळी दारापर्यंत जायचे आणि मागे फिरायचे. शेवटच्या खेपेला तर एका प्रश्नाने गेलं. मग वयाची अट निघून गेली. शेठ म्हणाले, भाऊ, आता तुम्ही शिकवा. सर फळ्यापुढे उभे राहिले ते उभेच राहिले. बायको मंगला आणि आबा गावाकडे, आणि हे इथे पत्र्याखाली.

मला ते अक्का म्हणायचे. मी त्यांच्याहून मोठी, शिवाय तोंडाची फटकळ, म्हणून असेल. त्यांचा तास संपला की माझा. शटरच्या बाहेर उभी राहून मी त्यांचं तर्कशास्त्र इतकं ऐकलंय की मीच परीक्षेला बसले असते तर कलेक्टर झाले असते, असं शेठ मला चिडवायचे.

नवीन बॅचच्या पहिल्या दिवशी सर नाव सांगायचे नाहीत, विचारायचे नाहीत. सरळ फळ्यावर लिहायला लागायचे. सागाच्या जंगलात पानं खाणाऱ्या अळीचा प्रादुर्भाव झाला. वनखात्याने फवारणी केली. पुढच्या वर्षी तिथे अळी दिसली नाही. अधिकारी म्हणतात, फवारणीमुळेच अळी गेली. आता खालीलपैकी कोणत्या विधानाने अधिकाऱ्यांचं हे म्हणणं सगळ्यात जास्त लुळं पडतं? अ, फवारणीला खर्च फार आला. ब, अळीने खाल्लेल्या सागाला थोड्याच दिवसांत नवी पालवी फुटते. क, शेजारच्या जंगलात फवारणी केली नव्हती, तिथेही पुढच्या वर्षी अळी दिसली नाही. ड, काही पक्षी ही अळी खातात.

मग ते पोरांकडे वळायचे आणि म्हणायचे, चला, मारायला सुरुवात करा. त्यांच्या भाषेत पर्याय चुकीचा नसायचा, तो मारायचा असायचा. खर्च आला म्हणून अळी गेली नाही असं होतं का? नाही ना? मग मारा अ. पक्षी खातात, पण ते आधीच्या वर्षी नव्हते आणि नंतर आले, असं कुठे दिलंय? नाही दिलं. मारा ड. राहिले दोन. ब वाल्यांनी हात वर करा. अर्धा वर्ग हात वर करायचा, आणि सर थोडा वेळ त्या हातांकडे नुसते बघत राहायचे.

"ब खरं आहे," ते म्हणायचे. "मी डोळ्यांनी बघितलंय. पण अधिकारी काय म्हणतोय? फवारणीने अळी गेली. झाड जगलं का मेलं याबद्दल तो बोलतच नाहीये. तेव्हा ब खरं असलं तरी बरोबर नाही. मारा ब."

मग क कसं बरोबर ते समजावून सांगायचे. जिथे फवारलं नाही तिथलीही अळी जर आपोआप गेली, तर मग फवारणीचं श्रेय कशाला? पोरांना पटायचं. मलाही बाहेर उभ्या उभ्या पटायचं. शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, उताऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही. तुम्हाला काय माहीत आहे ते घरी ठेवून या. इथे जे दिलंय तेवढंच जग.

हा प्रश्न ते पहिल्याच दिवशी का घेतात ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. शेठनी एकदा सांगितलं. शेवटच्या परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि भाऊंनी ब लिहिलं होतं. आबांचा मुलगा, दरवर्षी सागाला पालवी फुटताना बघितलेला, दुसरं काय लिहिणार होता तो? मला त्या दिवशी परीक्षेचा असा संताप आला की मी व्याकरणाच्या तासाला पोरांना उगीचच झापलं.

सरांना दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे लाकूड दिसलं की बोटाच्या पेराने ठोकून बघायचं. बाक, दार, कुणाच्या घरची खुर्ची. ठोकायचे, कान द्यायचे आणि सांगायचे, साग आहे, किंवा, आडजात आहे, तुम्हाला फसवलंय. मी एकदा त्यांना सराफ बाजारात घेऊन गेले होते, कानातले घ्यायचे होते मुलीसाठी. सराफ डब्यातून एकेक जोड काढून दाखवतोय आणि हे काउंटर ठोकतायत. सराफ घाबरला, त्याला वाटलं यांना दागिना पटत नाहीये. त्याने आणखी डबे उघडले. शेवटी सर त्याला म्हणाले, काउंटर अस्सल सागाचं आहे हो, जपा. सराफाने त्यांच्यासाठी चहा मागवला आणि माझी घासाघीस राहून गेली.

दुसरी खोड पर्यायांची. ही सुरुवातीला नुसती गंमत होती. चहा घेणार का विचारलं की म्हणायचे, पर्याय सांगा. मग मी म्हणायची, चहा, कॉफी, दोन्ही, यापैकी नाही. ते म्हणायचे, अ. सगळे हसायचे. डब्यात काय आहे, बरं वाटत नाही का, गावी कधी जाणार, सगळ्याची उत्तरं तशीच. हळूहळू हसणं कमी झालं आणि खोड राहिली. एकदा ताप अंगात असताना डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय, तर हे गप्प. मी शेजारी होते. डॉक्टरांनी डोकं, पोट, अंग अशी नावं घेतली तेव्हा कुठे बोलले. मी त्यांना तिथेच म्हटलं, भाऊ, पुरे करा आता, माणसासारखं बोला. ते ओशाळले, पण त्यात गंमत उरली नव्हती हे मला कळून चुकलं होतं.

मंगलाचा फोन यायचा तो ते स्पीकरवर घ्यायचे, कारण माळ्यावर रेंज नसायची आणि खाली ते वह्या तपासत बसलेले असायचे. एकदा तिने विचारलं, कधी येताय. सर नेहमीच्या सवयीने म्हणाले, दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही. मग ती म्हणाली, "माले परीक्षा देवानी नई. घर कव्हय येशात ते सांगा." सरांनी स्पीकर बंद केला आणि मागच्या दाराबाहेर जाऊन बोलले. आत आले तेव्हा डोळे लाल होते.

त्याच सुमारास आमच्याकडे सुरेखा आली. सातपुड्यातली, पावरा समाजातली मुलगी, वनरक्षकाच्या भरतीची तयारी करायला. हुशार, पण बोलायची कमी. पहिल्या दिवशी ब वाल्यांनी हात वर केले त्यात तिचा हात होता, आणि सरांनी सगळं समजावल्यावरही तिने तो खाली घेतला नाही. म्हणाली, सर, पण पालवी फुटतेच ना? मग फवारायचं कशाला? सरांनी पुन्हा समजावलं. तिने पुन्हा विचारलं. आणि आयुष्यात कधी आवाज न चढवणारा तो माणूस एकदम ओरडला, "जंगल घरी ठेवून यायचं म्हणून सांगितलं ना!"

सर खडू ठेवून मागच्या दाराने बाहेर गेले, नळाखाली तोंड धुतलं, परत आले आणि तिची माफी मागितली. पोरीने मान हलवली आणि हात खाली घेतला. त्यानंतर तिने जंगल खरंच घरी ठेवलं. सरांनी तिच्याकडून इतके उतारे सोडवून घेतले की शेवटी शेवटी ती त्यांच्याआधी पर्याय मारायची. पुढे ती वनरक्षक झाली. खाकी कपड्यांत पेढे घेऊन आली, तेव्हा सर तिच्यापुढे ताठ उभे राहिले आणि सलाम ठोकला. ती लाजली, पाया पडली. तिला सरांच्याच गावाच्या वरचं जंगल मिळालं होतं. सर दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी मात्र शटर ओढताना म्हणाले, अक्का, इथून सगळे जंगलात जातात, एक मीच जंगलातून इथे आलो.

त्यांचं जंगल मी एकदाच बघितलं. पोळ्याला त्यांनी शेठना आणि मला गावी बोलावलं होतं. चोपडा मागे पडलं, केळीच्या बागा संपल्या आणि डोंगर समोर आला, तर सगळा डोंगर तपकिरी. भर पावसाळ्यात. मी म्हटलं, अरे देवा, वणवा लागला होता की काय? सर खो खो हसायला लागले. तो माणूस असा हसू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी गाडी थांबवायला लावली, रस्त्याकडेच्या सागाचं एक पान तोडून माझ्या हातात दिलं. आकार पानाचा होता, पण मांस सगळं गेलेलं, नुसत्या शिरांची जाळी. त्यातून मला पलीकडचा डोंगर दिसत होता. म्हणाले, हीच ती अळी, अक्का, आणि हे बघा. त्याच फांदीच्या टोकाला कोवळी, लालसर पालवी फुटलेली होती. मी तिला हात लावला आणि मनात म्हटलं, हे ते ब.

घरी मंगला खापरावर मांडे करत होती. रंगवलेली शिंगं मिरवत बैल गावातून चालले होते. आबा अंगणात खाटेवर बसले होते, खूप थकलेले, पण कान तीक्ष्ण. मी मुद्दाम विचारलं, आबा, या अळीवर औषध मारायला नको का? आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "अळी खास, खाऊ दे. साग परत फुटस. माणूसनं तठे काय काम शे?" मग थांबून म्हणाले की रोपवाटिकेतली रोपं असली तर गोष्ट वेगळी, लहान जिवाला खाल्लं तर ते उठत नाही, त्याला सांभाळावं लागतं. आधी झाडाचं वय बघायचं, मग बोलायचं. सर शेजारी बसून ऐकत होते आणि लहान मुलासारखे मान डोलावत होते. त्या दिवसात त्यांनी एकदाही पर्याय मागितले नाहीत. मंगलाने ताटात काय वाढू विचारलं तर म्हणाले, मांडे वाढ, भरपूर वाढ. मंगला नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. निघताना तिने मला बाजूला घेतलं आणि एवढंच म्हणाली की अक्का, यांना तिथून काढा.

मी मनावर घेतलं. धुळे जिल्ह्यात, पण चोपड्याच्या हद्दीला लागून, डोंगराच्या पायथ्याशी, कुणीतरी सागाची मोठी लागवड केली होती आणि देखरेखीला जाणता माणूस हवा होता. वयाची अट नाही, लेखी परीक्षा नाही. तिथून सरांचं गाव मोटारसायकलवर जाऊन येऊन करता येईल इतकं जवळ. रोज घरी जेवायला. मुलाखत धुळ्यात होती. सर आधी नाहीच म्हणाले, मग हो म्हणाले, मग पुन्हा नाही. मी म्हटलं, भाऊ, पर्याय दोनच आहेत, एक तर तुम्ही जाता, नाही तर मी तुम्हाला ओढत नेते. शेठनीही मोठ्या मनाने सुट्टी दिली. म्हणाले, भाऊ गेले तर क्लास बसेल माझा, पण जाऊ द्या. मंगलाने तिकडे कोठीतलं सामान हलवून खाट टाकून ठेवली.

मला धुळ्याला माहेरी जायचंच होतं, म्हणून एकाच बसने गेलो. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता सर बोलत होते. कुठल्या महिन्यात काय बघायचं, पक्षी कुठे बसतात, अळी जमिनीवर पडली की ओळखायची कशी. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, देवा, हेच सगळं तिथे बोलू दे. धुळ्याच्या स्टँडवर मी त्यांना केळी खायला लावली आणि सांगितलं की आत गेल्यावर टेबल ठोकू नका. ते हसत गेले.

मी स्टँडवरच बाकावर थांबले. ते परत आले तेव्हा त्यांच्या चालण्यावरूनच मला समजलं. बाजूला येऊन बसले, पिशवी मांडीवर घेतली. मग बोलायला लागले.

मुलाखत घ्यायला एक म्हातारे, निवृत्त वन अधिकारी होते. चांगला माणूस होता, सर म्हणाले. इकडचं तिकडचं काहीच विचारलं नाही. एक पान टेबलावर ठेवलं. जाळी झालेलं. म्हणाले, आमच्या लागवडीत हे सुरू झालंय, फवारणी करू का नको?

"मला सगळं येत होतं, अक्का," सर म्हणाले. "जिभेवर होतं. आबांचे शब्दच्या शब्द होते. आणि तेवढ्यात डोक्यात आलं की हे ब आहे. ब म्हणजे चूक. मी जीभ चावली."

मी म्हटलं, मग काय बोललात? ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"म्हटलं, दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढता येत नाही."

मला हसावं का रडावं कळेना. मी विचारलं, मग ते काय म्हणाले? सर म्हणाले, ते रागावले नाहीत. उलट पुढे सरकून बसले, खूश झाल्यासारखे. म्हणाले, बरोबर आहे तुमचं, घाई करू नये. मग तुम्हाला कुठली माहिती हवी, विचारा.

"मी त्यांच्याकडे बघतच राहिलो, अक्का. मला आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं. माहिती प्रश्नातच दिलेली असते ना. आपण मागायची नसते."

झाडाचं वय किती, एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. आबांनी अंगणात बसल्या बसल्या सांगितलं होतं ते. मला इतका राग आला, त्यांचा नाही, त्या गोदामाचा, त्या फळ्याचा, पर्याय मारा म्हणणाऱ्या त्या आवाजाचा, जो मीही रोज ऐकत आले होते. मी काहीबाही बोलले. अजून एखादी जागा निघेल, परत भेटू त्यांना, मी बोलते. सर मान हलवत राहिले. म्हाताऱ्या साहेबांनी बराच वेळ वाट बघितली होती म्हणे, पाणी दिलं होतं, पुन्हा एकदा विचारलंही होतं. यांच्या तोंडून शब्द फुटला नाही.

तेवढ्यात मंगलाचा फोन आला. या वेळी स्पीकर नव्हता, पण तिचा आवाज मला ऐकू येत होता. तिने विचारलं, काय झायं? सर म्हणाले, पुढच्या वेळी बघू. ती म्हणाली, जेवी ल्या. एवढंच. फोन ठेवल्यावर सर खरोखरच उठले, कँटीनमध्ये गेले आणि शेवभाजी मागवून खाली मान घालून जेवले. मी माहेरी गेलेच नाही. त्यांना एकट्याला परतीच्या बसमध्ये बसवून देण्याचा मला धीर झाला नाही.

त्यानंतर ते आजारी पडले नाहीत, रडले नाहीत, क्लास एक दिवस बुडवला नाही. पोरांना काही कळलंसुद्धा नाही. फक्त लाकूड ठोकणं बंद झालं. शेठनी ऑफिससाठी नवीन टेबल आणलं, मुद्दाम विचारलं, भाऊ, बघा बरं, सागच आहे ना? सरांनी टेबलावर हात ठेवला, ठोकलं नाही. म्हणाले, असेल. शेठ माझ्याकडे बघायला लागले आणि मी बाहेर निघून गेले.

सुरेखाचा फोन अधूनमधून यायचा. ती वरच्या जंगलातल्या गोष्टी सांगायची, कुठल्या ओढ्याला पाणी आहे, कुठे साग फुलला. सर ऐकायचे, हं हं म्हणायचे. तिने एकदा मला सांगितलं की सर आता स्वतःहून काही विचारतच नाहीत हो मॅडम, पूर्वी किती विचारायचे. आबाही त्या हिवाळ्यात गेले. सर गावी गेले, दिवस करून परत आले, डोक्यावर केस नाहीत अशा अवस्थेत फळ्यापुढे उभे राहिले आणि उतारा लिहायला लागले. मंगला यावेळी काही बोलली नाही म्हणाले. ती बोलली नाही हे ते मला असं सांगत होते जणू ते बरंच झालं.

पुढे माझे गुडघे साथ देईनासे झाले. तो शटरचा उंबरा, तासभर उभं राहणं, जमेना. मी शेठना सांगितलं आणि पावसाळ्याच्या तोंडाशी क्लास सोडला. कपाटातली माझी पुस्तकं आणि पाण्याची बाटली न्यायला गेले तो नेमका नव्या बॅचचा पहिला दिवस होता. गोदाम भरलेलं. पोरांची नवीकोरी रजिस्टरं, नवी पेनं, घामाचा आणि तूरडाळीचा वास. मी सवयीने शटरच्या बाहेर उभी राहिले. आत सर पाठमोरे, फळ्यावर तेच लिहीत होते. सागाच्या जंगलात अळीचा प्रादुर्भाव झाला. मी पुढची वाक्यं त्यांच्याआधी मनात म्हणत होते. फवारणी केली. पुढच्या वर्षी अळी दिसली नाही. खाली अ आला, फवारणीला खर्च फार आला. मग त्यांनी ब लिहिलं आणि क्षणभर हात थांबला.

ब, सागाच्या लाकडापासून फर्निचर बनवतात.

मला वाटलं, मीच चुकीचं वाचतेय. चष्मा पुसला, परत वाचलं. तेच होतं. पालवीचं वाक्य त्यांनी काढूनच टाकलं होतं. पुढे क आला, ड आला, जसेच्या तसे. सर वळले. ब वाल्यांनी हात वर करा, असं या वेळी ते म्हणाले नाहीत, कारण एकही हात वर जाणार नव्हता. मला ओरडून म्हणावंसं वाटलं, भाऊ, ते वाक्य परत लिहा, एखाद्या तरी पोराला चुकू द्या. पण माझा तास आता तिथे नव्हता.

पहिल्या बाकावर एक चुणचुणीत मुलगी बसली होती. तिने पेनाचं टोपण काढलंसुद्धा नाही, नुसतं फळ्याकडे बघितलं आणि लगेच म्हणाली, सर, क. हे फारच सोपं आहे.

"हो," सर म्हणाले. "सोपं केलंय आता."